गढीच्या पूर्वेकडच्या भिंतीविषयी

मी, शेतातल्या पडक्या गढीची मालकीण, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाचेही दडपण नसताना हे लिहून ठेवते. घाईघाईने लिहिते आहे. अक्षर लागले नाही तर सुताराला विचारावे, तो समोरच बसला आहे.

१. गढी, तिचा उरलेला बुरूज आणि भोवतालची जमीन माझ्या एकुलत्या एका भाच्याला. इथे त्याला पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या आहेत, म्हणून आजच कागद करण्याचा त्याचा तगादा आहे. अट एकच. पूर्वेच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत कोणी झोपायचे नाही. सध्या तिथे तो, सूनबाई आणि त्यांची तान्ही मुलगी झोपतात.

२. ही भिंत दरोडेखोरांना पुरून उरली, माझ्या धाकट्या भावाला नाही. वारा लागतो म्हणून त्याने तिच्यातली बंदुका रोखायची भोके सिमेंटने बुजवली. "ताई, आता कोण चाल करून येणार आहे?" म्हणाला. भिंतीत मुरलेले पाणी त्याच भोकांतून बाहेर पडायचे. आता ते आतच राहते आणि भिंतीला पोट सुटले आहे. भाऊ गेला, त्याला माफ केले. सिमेंटला नाही.

३. छिन्नी आणि हातोडा भाच्यालाच, ती भोके फोडून मोकळी करायला. मला शिडीवर चढू देत नाही, स्वतः चढत नाही.

४. भिंतीला गेलेल्या भेगेवर मी काचेची पट्टी चुन्यात आडवी बसवली आहे. भिंत सरकली की काच तडकते. चहाच्या आधी रोज बघते. आज ती तडकलेली होती. धावत जाऊन सांगितले, तर भाचा म्हणाला, "मांजर गेलं असेल गं आत्या. पोर आत्ता कुठे झोपलीये, उठवू नकोस." चुन्यातली काच मांजर तोडते म्हणे!

५. दागिने सूनबाईला. तिला माझे पटते, पण नवऱ्यापुढे तोंड उघडत नाही. आज उघडावे.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होते, असे वकील सांगतात. मला तेवढा धीर नाही. पाळणा बाहेर आल्याशिवाय मी सही करणार नाही, आणि सही नाही तर गढी नाही.

साक्षीदार: सुतार, हजर. शेजारीण, पाळणा उचलायला गेली आहे.

ठिकाण: पश्चिमेची खोली. दिनांक: काच तडकली तो दिवस.

ता. क. पाळणा आला. मुलगी झोपेतच आहे. सूनबाई माझ्याजवळ आहे. भाचा गादी आणायला परत आत गेला आहे.

सही: तो बाहेर आला की करते.