मांडीवरचा गेरू

प्रिय आई,

तू तुझ्या सुनेला म्हणायचीस, "माझ्या पोराच्या अंगावर एक फोड दाखव, मग बोल!" सुनंदा काय दाखवणार? फोड तिला आले होते, माझं अंग दोन वर्षं कोरडं. तेवढ्यावर तू निकाल दिलास, माहेराहून घाण आणली!

तुला जाऊन दहा महिने झाले, तरी हे भांडण डोक्यातून जात नाही. इथं जामनगरला वेल्डिंग करतानाही तुझाच आवाज. म्हणून लिहितोय. सातवीत शाळा सोडलेल्याचं पत्र आहे, चुका पोटात घाल.

लग्नाआधी मनमाडचं काम सोडून आलो, तापानं फणफणलेला, आठवतं? "नागीण हाय," म्हणालीस आणि सिन्नरच्या म्हाताऱ्याकडे नेलंस. त्यानं मंत्र पुटपुटत मांडीवर गेरू फासला. आई, मांडीवर दोनच फोड होते. खरी जागा मी दाखवलीच नाही. लाज वाटली गं. सगळं वाळलं, तू नारळ फोडलास, "उतरली नागीण!" मीही तेच धरून बोहल्यावर चढलो.

परवा पुन्हा उठलं. इथल्या डॉक्टरला पहिल्यांदा सगळं दाखवलं. "ये नागिन नहीं, दूसरी बीमारी है," तो म्हणाला. "सूख गया मतलब गया नहीं." फोड नसला तरी अधूनमधून जंतू कातडीवर येतात, जोडीदाराला लागतात. रोज गोळी घेतली तर कमी येतात, पण मुळासकट जात नाहीत. म्हणजे मी कोरडा होतो तेव्हाच तिला दिली!

तू तिचा तांब्या वेगळा केलास. नांदगावच्या एसटीत बसवलंस. "तुम्ही तरी सांगा ना," ती खिडकीतून म्हणाली. मी पिशवी वर दिली. नुसती पिशवी!

कोबीचा गड्डा हातात घेतला की आतली अळी सांगायचीस तू. पोटचं पोरगं ओळखलं नाहीस? की ओळखलंस, आणि म्हणूनच तिच्यावर ढकललंस? आता कोणाला विचारू?

रागावू नकोस. त्या तापात माझे पाय चेपणारीही तूच होतीस.

या सुट्टीत नांदगावला जाईन. तिच्या बापासमोर सांगेन, आजार माझा होता. यायचं की नाही, तिची मर्जी. तोवर तिनं डॉक्टर गाठावा, गोळ्या सुरू कराव्यात. तुझ्या वर्षश्राद्धासाठी बाजूला काढलेले आज तिच्या नावानं मनिऑर्डर करतोय. सातशे रुपये.

तुझा,
बाळू