भुलीचं नाटक

चिरंजीव,

हर्नियाच्या ऑपरेशननंतर माझी भूल उतरली, तेव्हा तू कॉटशेजारी उभा राहून बायकोला सांगत होतास, "बाबांच्या खोलीत ट्रेडमिल छान बसेल." मी डोळे उघडलेच नाहीत.

तेव्हापासून तू रोज कानाशी ओरडतोस, "बाबा, मी कोण?" मी कधी प्लंबर म्हणतो, कधी केबलवाला. मग तू नातेवाइकांपुढे अक्कल पाजळतोस, "भूल डोक्यात गेली, या वयात होतं असं." डॉक्टरही नक्की सांगत नाहीत, तुला मात्र सगळं कळतं. गाढवा, तुझ्यासारखा मुलगा विसरायला भूल कशाला लागते?

हे तुझ्या तोंडावर फेकायचं म्हणून पाकीट घेतलं. वर तुझं नाव लिहायला गेलो, तर आठवेना. अजून आठवत नाही. हे नाटक नाही रे.

कुणाचा तरी
बाप