बोलण्याच्या अंतराची लेन्स

अप्पा, तुमच्या लाकडी कॅमेऱ्याला मी लेन्स घेतली. दीडशे मिलिमीटरची. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला लांबण लावलेलं आवडायचं नाही आणि मला ते लावल्याशिवाय राहवत नाही.

दिवाळीनंतर माझा आवाज बसला तो बसलाच. सभा एकामागून एक होत्या, मीच दुर्लक्ष केलं. चकलांब्यात दारूबंदीवर बोलताना मधेच शब्द फुटेना. पुढच्या रांगेतल्या बायका पाणी घेऊन धावल्या. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं, स्वरतंतूवर गाठ आहे म्हणाले, ती काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट येईपर्यंत एक शब्दही बोलायचा नव्हता. आवाज परत येईल का, आणि गाठ कसली निघेल, हे दोन प्रश्न उशाशी घेऊन मी घरात बसले. पुस्तकं होती, पण वाचलेलं कुणाला ऐकवता येत नसेल तर वाचनही मला गोड लागत नाही, असा शोध लागला. म्हणून माळ्यावरची तुमची पेटी काढली. कॅमेरा होता, काळं कापड होतं, लेन्सच्या जागी नुसतं गोल भोक. तुम्ही गेल्यावर दुकान आवरताना भावानं लेन्स विकली होती. कॅमेरा तेवढा उरला, कारण त्याच्या भात्याला चिरा पडल्या होत्या. मी त्यांवर काळी पट्टी चिकटवली आणि लेन्स शोधायला लागले.

वादविवादाची तयारी करावी तसं मी वाचत सुटले. नव्वदची घेतली तर अख्खी सभा चौकटीत मावते. माझं मन आधी तिच्यावरच गेलं, यात तुम्हाला नवल वाटणार नाही. दोनशेदहाची लांबचा चेहरा जवळ आणते. मधली दीडशेची, तिला सगळे स्टँडर्ड म्हणतात. हे स्टँडर्ड ठरवलं कुणी? बोलता येत नव्हतं, म्हणून पुण्याच्या दुकानदाराला मी लांबलचक मेसेज लिहिला. त्यात या एका शब्दामागच्या मक्तेदारीवर दोन परिच्छेद होते. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, "ताई, फोटो कुणाचा काढायचाय?" तिथं मी अडले. आणि मला तुमचा दोरा आठवला.

माजलगावच्या मोंढ्यातल्या धान्यबाजारासमोर आपलं दुकान. शहरातून एक एजंट रुंद लेन्स घेऊन आलाय. साखर कारखान्याच्या सगळ्या कामगारांचा फोटो जवळून निघेल, रस्त्यापलीकडं जायला नको, असं तो पटवतोय. तुम्ही त्याला चहा पाजता. मग कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेवर शिवणाचा दोरा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरका ताणता, आणि तोच दोरा काचेपासून पुढं लेन्सपर्यंत धरता. "हे दोन सारखं असलं की माणूस डोळ्याला दिसतंय तसंच दिसतंय. तुमची लेन्स लई रुंद हाय. कडंचा माणूस पसरट होतो. त्यानंबी पैसे दिलेले असतेत."

एजंट गेला आणि आपण रस्त्यापलीकडंच राहिलो. ग्रुप फोटोला तुम्ही कॅमेऱ्याची तिवई तिकडं लावायचात, पण तुमचा आवाज तिथून पोचायचा नाही. मग मला स्टुलावर उभं करायचात. तुम्ही कानात पुटपुटायचात आणि मी ओरडायचे, मागची रांग, माना वर, टोपीवाले मामा, हलू नका. बैलगाड्या थांबायच्या, टोपीवाले मामा ताठ व्हायचे. एवढी माणसं आपल्या आवाजानं हलतात, ही चव मला त्या स्टुलावर लागली. वक्तृत्व कुठून आलं असं कुणी विचारलं की मी पुस्तकांची नावं सांगते.

एकट्या माणसाचा फोटो काढताना मात्र स्टूल लागायचं नाही. तुम्ही त्याच्याशी गप्पा मारत मागं सरकायचात. कावून आलात, कशापायी एवढ्या उन्हात? म्हैस व्याली का? आवाज चढवायची वेळ आली की एक पाऊल पुढं, आणि तिथंच तिवई. कॉलेजात पहिलं बक्षीस घेऊन आले त्या दिवशी आई भाकरी थापत होती. तुम्ही ढाल उलटीपालटी करून बघितली आणि विचारलंत, "माईक व्हता ना तिथं?" होता, म्हटलं. "मग वरडत कावून व्हतीस, माय?" मी ताटावरून उठले आणि उभ्याउभ्या आवेश म्हणजे काय ते तुम्हाला समजावलं. तुम्ही जेवत राहिलात. आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "आता तर माईकबी न्हाई."

तर मी दोरा ताणला. सोळा सेंटिमीटरच्या जरा अलीकडं भरला. मिळणाऱ्यांत त्याच्या सगळ्यांत जवळची दीडशेचीच. वाद मिटला, आणि त्याच आठवड्यात रिपोर्ट आला. साधी गाठ. मी रिपोर्ट आईच्या हातात दिला. तिला वाचता येत नाही, तरी तिनं तो बराच वेळ धरून ठेवला. डॉक्टर म्हणाले, आवाज येईल, पण यापुढं मैदानातल्या सभा बंद. दारूबंदीचं काम मी सोडणार नाही. आता ओट्याओट्यावर बसून बोलेन.

पहिला फोटो आईचा. ती अंगणात खुर्चीवर, मी नुकत्याच परत फुटलेल्या हलक्या आवाजात तुमच्यासारखी बोलत मागं सरकले. दुसऱ्याच पावलाला ती म्हणाली, "काय?" तिला आता कमी ऐकू येतं. मी पुढं आले. मोठ्यानं बोल की, म्हणाली. मी गळ्याकडं बोट दाखवलं. "मग जवळ ये." जवळ जाता जाता चौकटीत नुसता चेहरा उरला, भाता दोऱ्यापेक्षा कितीतरी लांब ओढावा लागला. नाक थोडं मोठं आलंय. तुम्ही परत काढायला लावलं असतंत. आई म्हणते, माझ्या मायचं नाक असंच व्हतं, राहू दे.

फोटोची एक प्रत आणि हे कागद पेटीत काळ्या कापडाखाली ठेवते. दुसरीकडं कुठं पाठवणार? सगळ्यांना वाटतं, रिपोर्ट चांगला आला म्हणून मी हलकी झाले. ते आहेच. पण यापुढं ओरडायचं नाही असं डॉक्टर म्हणाले तेव्हा घरच्यांची तोंडं उतरली, म्हणून मीही तोंड पाडलं. खरं तर अप्पा, मला त्या स्टुलावरून कुणीतरी हात धरून खाली उतरवल्यासारखं वाटलं होतं.