कोणी विचारलं तर गुडघा

बाबा, तुमचा सेंटर फॉरवर्ड गेला. तुम्हाला कळवायला हवं असं उगाच वाटलं, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या शिट्टीचा आवाज आठवायला आता मला डोळे मिटावे लागतात. तरी त्याची बातमी आली तेव्हा पहिला विचार तुमचाच आला, आणि तो काही फार प्रेमाचा नव्हता. मनात म्हटलं, बरं झालं बाबा नाहीत, नाहीतर आत्ताही त्यांनी अख्ख्या अमरावतीला सांगितलं असतं की गुडघ्याचं दुखणं वाढलं होतं. तो डेंग्यूनं गेला. यंदा पावसाळ्यात घरोघरी ताप होता, त्यात त्यालाही आला, प्लेटलेट्स उतरत गेल्या आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. हे आधीच सांगून टाकते, कारण गावाला ते पटवणं आम्हाला फार जड गेलं.

तुम्ही त्याला पहिल्यांदा घरी आणलंत तो दिवस मला नीट आठवतो. मी आठवी-नववीत असेन आणि तो तुमच्या शाळेत अकरावीला. राज्याच्या हॉकी संघात त्याची निवड झालेली होती, आणि मैदानावर त्याच्या नावानं रिकामे डबे बडवणारी माणसं तेव्हाही कमी नव्हती. आणि तो आपल्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसला आहे, ताटात भाकर आणि वांग्याची भाजी तशीच पडली आहे, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं आहे. तो रडत नाहीये. चेहरा अगदी कोरा आहे, पाणी तेवढं येतं आहे. आई तव्यावरची भाकर तशीच सोडून उठते आणि काय झालं पोराला, म्हणून विचारते. तुम्ही दारातच चपला काढता काढता म्हणता, "गुडघा दुखते त्याचा." आई बिचारी लगेच वाटीत तेल कोमट करते, लसणाच्या दोन पाकळ्या टाकते आणि त्याच्यासमोर फतकल मारून बसते. त्यानं एकदा तुमच्याकडे पाहिलं आणि निमूट पाय लांब केला. आई त्या धडधाकट गुडघ्याला बराच वेळ तेल चोळत होती. मग तो अर्धी भाकर जेवला.

खरं काय ते मला अकोल्याला कळलं. अमरावतीत सगळे तुम्हाला ओळखत होते, म्हणून तुम्ही त्याला एसटीनं अकोल्याच्या डॉक्टरकडे नेत होता. घरी सांगायचं गुडघा, मैदानावर सांगायचं गुडघा. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मला मामाकडे सोडायचं म्हणून सोबत घेतलंत. तो आत गेला आणि आपण दोघं बाहेर कडुनिंबाखाली उभे राहिलो. तुम्ही पाटीकडे पाठ करून उभे होता, जणू ती पाटी तुम्हाला ओळखेल. मी नवी पाटी दिसली की मोठ्यानं वाचणारी मुलगी. 'मानसोपचार' एवढं वाचलं आणि विचारलं की गुडघ्याच्या डॉक्टरच्या पाटीवर असं काहून लिहिलं आहे. तुम्ही माझं मनगट असं धरलंत की बांगडी रुतली. "चूप राय. कोणी इचारलं त गुडघा सांगजो. बाकी काई नाई." तुम्ही मला त्याआधी आणि त्यानंतरही पुष्कळ वेळा रागावलात, पण घाबरून रागावलेले तुम्ही मला तेवढेच एकदा दिसलात. नंतर आपण तिघांनी रस प्यायला आणि तुम्ही त्याला दुसरा ग्लास घ्यायला लावलात.

एक मात्र कबूल करायला हवं. त्या काळात दुसऱ्या कुठल्याही मास्तरानं त्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या असत्या, नाहीतर अंगारा आणला असता. तुम्ही सरळ डॉक्टर गाठलात. हे तुम्हाला कुणी शिकवलं ते मला कधी कळलं नाही. निवृत्तीच्या आधी तुम्ही एक अख्खा उन्हाळा मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून काढला होतात आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला पित्त म्हणून सांगत होती. तुमचाही गुडघा दुखत होता का, हे विचारायचं राहून गेलं.

त्या गुडघ्यानं पुढे गावात काय प्रताप गाजवले ते तुम्ही अर्धे पाहिलेत. तो मधूनच दोन-दोन सामने दिसायचा नाही आणि गाव हळहळायचं. मोर्शीचा एक बागायतदार संत्र्यांची पेटी पाठवायचा, हाडाला चांगली म्हणून. कोर्टातले एक कारकून रोज सकाळी मैदानावर येऊन त्याला बैठकांसारखा एक व्यायाम शिकवायचे. आणि परतवाड्याचा तो जीपवाला. मेळघाटातून कुठल्याशा मुळीचं काळंभोर तेल चपट्या बाटलीत घालून आणायचा, बाटलीला तोंड लावून पाहावं असं कुणालाही वाटावं इतकी ती बाटली ओळखीची. तुम्ही ते तेल गंभीर चेहऱ्यानं घ्यायचात आणि त्याला द्यायचात. अकोल्याच्या अंतिम सामन्यात तो बाहेर बसला तेव्हा कुणी शिवी दिली नाही. लोक ओरडले, "गुडघा सांभाय रे भाऊ." ती तुमची करामत, नाकारत नाही मी.

तुमच्यानंतर काही वर्षांनी त्याचा सत्कार झाला. तोवर खेळ सुटला होता आणि तो मुलांना शिकवत होता. शाल-श्रीफळ घेऊन झाल्यावर तो माइकसमोर उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "माह्या गुडघ्याले कधी काईच झालं नव्हतं. मले डिप्रेशन होतं. अजून हाये. गोयी घेतो. गुडघा चांगला हाये माहा." लोकांना धक्का बसला तो आजाराचा कमी आणि गुडघ्याचा जास्त. जीपवाला तर उठून निघूनच गेला. आपल्या तेलानं सेंटर फॉरवर्डचा गुडघा बरा झाला, हे तो इतकी वर्षं परतवाड्यात सांगत होता, आता तो कुठे तोंड दाखवणार?

आता मुद्द्यावर येते. माझ्या मुलीला तेच आहे जे तुमच्या सेंटर फॉरवर्डला होतं. तुम्ही तिला कडेवर घेतलं होतं, आता आम्ही अकोल्यात असतो आणि ती इथेच कॉलेजला जाते. मागच्या वर्षी तिनं अंथरुणातून उठणंच सोडलं. मी कॉलेजात थायरॉइड सांगितलं आणि सासरी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं. शेवटी तुमचीच लेक. गोळ्या लिहून दिल्या होत्या, ती घ्यायला तयार नव्हती. मी त्याला फोन केला. तो दुसऱ्याच दिवशी आला, जेवला, आणि तिच्याबरोबर गच्चीवर बसला. काय बोलले मला माहीत नाही. खाली आल्यावर ती म्हणाली, काका म्हणतात, सकाळी दात घासायचे तशी रात्री गोळी घ्यायची, त्यात रडायचं काय. त्या दिवसापासून तिनं गोळी चुकवली नाही. कधी फार खचली की एवढंच म्हणायची, काकांना जमलं ना. पुढे पुढे ती कॉलेजलाही जाऊ लागली.

आणि आता ही बातमी. तो गेला त्याच संध्याकाळी मोबाइलवर त्याचे काळेपांढरे फोटो फिरू लागले आणि खाली लिहिलेलं, नैराश्यानं आपला हिरा नेला. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर तो स्टिक खांद्यावर घेऊन हसतो आहे आणि मोठ्या अक्षरांत 'झुंज अपयशी'. त्यानं स्वतःच काहीतरी करून घेतलं, हे गावानं ठरवून टाकलं. डेंग्यू म्हटलं की लोक समजुतीनं हसायचे. त्याला आजार आहे हे एकदा माहीत झाल्यावर त्याला साधा ताप येऊ शकतो, हेच कुणाला सुचेना. माझ्या मुलीनं ते सगळं वाचलं. गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "पाह्यलं ना आई, शेवटी काय झालं ते." त्या रात्री तिनं गोळी घेतली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. मी डेंग्यू म्हणाले तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं थायरॉइड सांगणाऱ्या बाईकडे पाहावं. बाबा, मला भीती वाटली. तुम्ही गेलात तेव्हाही मला इतकी भीती वाटली नव्हती. खोटं बोलून बोलून माझा शब्दच उरला नव्हता.

पुण्यानुमोदनाला, त्याच्या श्रद्धांजलीच्या बुद्धवंदनेला, मी तिला अमरावतीला घेऊन गेले. ती का तयार झाली माहीत नाही, बहुतेक स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. पट्टी मी पर्समध्ये टाकली, तिला न सांगता. घरासमोर पांढऱ्या कपड्यांतली एवढी गर्दी की वंदना सुरू झाली तेव्हा अर्धे लोक रस्त्यावर उभे राहून त्रिसरण म्हणत होते, ज्यांना येत नव्हतं तेही ओठ हलवत होते. मग भेटायला रांग लागली. रांगेतला एकेक जण त्याच्या बायकोसमोर येऊन काहीतरी कबूल करत होता. एकानं म्हणे कुठल्याशा सामन्यात त्याला घरी जा म्हटलं होतं. एक जण सत्कारानंतर त्याच्याशी बोलला नव्हता. प्रत्येकाला त्याच्या मरणात आपला थोडा वाटा हवा होता. त्याची बायको प्रत्येकाला डेंग्यू होता म्हणून सांगत होती आणि प्रत्येक जण "हो, हो वैनी" म्हणत मान हलवत पुढे सरकत होता. मला हसू येत होतं आणि रागही.

जीपवाला तिथे होता. पार म्हातारा झाला आहे. मला ओळखून जवळ आला आणि तुमच्यावरच घसरला. "मास्तरनं आमाले परकं समजलं. खरं सांगतलं असतं त आमी काय त्याले पागल म्हनलो असतो?" तो आपल्या चपलांकडे बघू लागला. "म्हनलोच असतो म्हना," तो म्हणाला. "तवा म्हनलोच असतो." मग त्यानं सांगितलं की सत्कारानंतर सेंटर फॉरवर्ड एकदा परतवाड्याला जाऊन त्याच्याकडून तेलाची बाटली मागून घेऊन आला होता.

रांग ओसरल्यावर मी मुलीला त्याच्या बायकोजवळ नेलं. मी काहीतरी औपचारिक बोलणार, तोच मुलीनं सरळ विचारलं, "काकू, काकांनी खरंच स्वतः...?" मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या बाईनं मात्र तिचा हात धरला आणि तिला शेजारी बसवलं. दिवसभर तेच तेच सांगून तिचा आवाज बसला होता. "नाई वो पोरी. दवाखान्यात होतो आमी. अंगात एवढा ताप, डोये उघडत नव्हते. मले जवळ बोलावलं अन् म्हने, माही रातची गोयी राह्यली, सिस्टरले इचार, आज देता येते का नाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ज्याले मरायचं हाये थो गोयी मांगते का?"

बाहेर येऊन मुलीनं चपला घातल्या, आणि आम्ही एसटी स्टँडवर येऊन अकोल्याची गाडी धरली. बडनेरा मागे पडलं तेव्हा अंधारून आलं होतं. तिनं खिडकीबाहेर बघत विचारलं, "आई, गोळी आणली का?" मी पट्टी काढून दिली, पाण्याची बाटली दिली. थोडं पाणी तिच्या ओढणीवर सांडलं. तिनं गोळी घेतली.

आमच्या बाकावर कडेला मेथीच्या जुड्या मांडीवर घेतलेली एक म्हातारी बसली होती. ती वाकून म्हणाली, "काय झालं वो पोरीले?" आणि बाबा, माझ्या तोंडून निघालं, "गुडघा." का, ते मला विचारू नका. थायरॉइडची इतकी तयारी होती, ते नाही आलं. म्हातारीनं जुड्या माझ्या मांडीवर ठेवल्या, हात लांब करून मुलीचा गुडघा धरला आणि निरगुडीचा पाला कसा बांधायचा ते सांगत तो दाबायला लागली. मुलगी आधी माझ्याकडे पाहून हसली. किती महिन्यांनी हसली ती. मग हसता हसता रडली, आणि तिनं पाय काढून घेतला नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत ती म्हातारी तो गुडघा दाबत होती आणि मी मेथी सांभाळत होते. मला आपलं स्वयंपाकघर आठवलं.

काल मुलीनं विचारलं, लोकांना खरं कधी सांगशील. मी म्हटलं, सवय करते आहे. तिच्या कॉलेजात जायचं आहे, सासरी फोन करायचा आहे, आणि तो शब्द अजून माझ्या तोंडून निघत नाही, तिच्या डॉक्टरांसमोरसुद्धा मी 'हिचं ते' म्हणते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही. लिहून झालं की माझ्याच कपाटात जाईल. पण पहिल्यांदा कुणाला तरी सांगून पाहावं असं वाटलं, आणि तुम्ही कुणाला सांगणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. बाबा, माझ्या मुलीला डिप्रेशन आहे. गुडघा चांगला आहे तिचा.