थांबवणारी जागा

३ फेब्रुवारी, मस्तगड
दवाखान्यातून येऊन अकरा दिवस झाले. वही रोज काढतो, पेनाचं टोपण चावतो, परत ठेवतो. आज सलीम दुकानात गेल्यावर बसलो. खोली त्याचीच, तो शिलाईकाम करतो. मधीच खाली पेरूवाला आला, पेरू खाऊन आलो. आता लिहितो.
माझे फिटचे झटके कुठून उठतात ते बघायला डोक्यात बारीक तारा घातल्या. नंतर मला जागं ठेवून डॉक्टर मॅडम म्हणल्या, "बोटं वाजवत राहा, थांबू नका." खाटेच्या कडेवर हलगीचा ठेका धरला. त्यांनी इवलासा करंट सोडला अन् हात थांबला. दुखलं न्हाई. लुळा पडला न्हाई. मनात वाजव वाजव म्हणून राह्यलो, हात गप. करंट बंद, ठेका सुरू.

४ फेब्रु.
मॅडमनी सांगितलेलं लिहून ठेवतो, विसरीन. हात हलवणारी जागा वेगळी, थांबवणारी वेगळी. थांबवणारी एकच न्हाई, जाळं असतं. माझ्या डोक्यात दोन सापडल्या, एकमेकींपासून लांब. सगळ्यांनाच असतात, न्हाईतर मनात आलं की हात उठला असता.
सलीम म्हणला, "तेरे भेजे में बिरेक है? फिर पैरां कायकू नै रुकते तेरे?"
हसलो.

७ फेब्रु.
अंबडला गेल्तो. गावाची एस.टी. लागलेली. चढलो न्हाई. रस पिला, परत आलो.
दोन वर्षं झाली. सोयाबीन काढून राह्यल्तो. दादाची बाही मळणीयंत्रात गेली. मोटारीचं बटन माझ्याजवळ. "बटन दाब रे!" दादा वरडला. ऐकलं. उभा राह्यलो. वहिनीनं पळत येऊन बंद केलं. तवर मनगटापासून हात गेला.
"वितभर अंतर व्हतं भाऊजी." वहिनी तेवढंच बोलली. तवापासून मी गावाबाहेर.

८ फेब्रु.
मॅडमला विचारल्तं, त्या दिवशी पण झटकाच असंल का? म्हणल्या, "असू शकतो. भीतीनंही माणूस थिजतो. आता सांगता यायचं नाही."
झटका म्हणलं की मी सुटलो. पण करंट सोडला तवा मी मनात वाजव वाजव म्हणत व्हतो. त्या दिवशी दाब दाब म्हणलो का? तेवढंच आठवत न्हाई.

११ फेब्रु.
मोबाईलवर दादाला लिहिलं, "डोक्यात एक जागा असती." पुसलं. परत लिहिलं. पुसलं.
सलीम बघून राह्यल्ता. "भाई है तेरा. मुँह से बोल."
त्याला काय जातं.

१२ फेब्रु.
सकाळ. सलीम दुकानात गेला न्हाई, इथंच शर्टाला बटनाची काजं करत बसलाय. माझ्याकडं बघत न्हाई. खालून हाक आली तरी त्यानं मान वर केली न्हाई. पत्ता यानंच दिला, बराबर.
खिडकीतून बघितलं. दादा आलाय. एकटा. उजवी बाही टोकाला दुमडलेली. डाव्या हातात वहिनीचा डबा.
दुसरी हाक आली.
उठ म्हणून राह्यलो मनात. उठ.