थेक्लाताईचं बोलावणं

कील, सप्टेंबर १९१४

थेक्लाताई,

आता इंग्लंडला टपाल जात नाही, म्हणूनच खरं लिहिण्याचं धाडस होतंय.

जूनमध्ये इंग्रजांच्या युद्धनौका इथे पाहुण्या म्हणून आल्या, तेव्हा तूही नवऱ्याबरोबर आलीस, रेशमी हातमोजे घालून. जेवताना माझा डेटलेफ म्हणाला, "तुम्ही एक जहाज बांधता, म्हणून आमच्या गोदीत दोन बांधतात." तुझा नवरा म्हणाला, "मग आम्हाला चार बांधावी लागतात, साडूभाऊ!" सगळे हसले. मी तुझ्या हातमोज्यांकडे बघत होते.

निघताना तू म्हणालीस, "गेझीना, हेनिंग नौदलातून सुटलाय ना? पाठव माझ्याकडे. आमच्या आर्थरबरोबर कारखान्यात लागेल."

जुलैत तुझं पत्र आलं, बोटीच्या तिकिटासकट. हेनिंग रोज विचारायचा, "आई, मावशीचं पत्र आलं का गं?" मी म्हणायचे, "मोठी माणसं विसरतात रे." पत्र मी चुलीत घातलं होतं. लहानपणापासून चांगलं ते तुलाच मिळालं. मुलगा तरी माझाच राहू दे, असं वाटलं.

ऑगस्टमध्ये नौदलाने त्याला परत बोलावलं. हेल्गोलंड बेटाजवळ इंग्रजांशी लढताना त्याचं जहाज बुडालं.

काल पाद्री म्हणाले, "इंग्रजांच्या मत्सरातून हे युद्ध पेटलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

तुझ्याकडे असता तर तुमच्या लोकांनी त्याला जर्मन म्हणून कोंडून ठेवलं असतं, पण तो जिवंत असता. तुझा मुलगा आर्थरही लढाईवर गेला असेल. त्याच्यासाठी प्रार्थना करायला बसते, ताई, आणि शब्दच फुटत नाहीत.

तुझी धाकटी,
गेझीना