आई फोटोत पाहिजे

३ मे
महिना झाला वही उघडली न्हाई. खोटं कशाला लिहू, वेळ होता, आळस केला. आज ताईनं काम सांगितलं म्हणून लिहून राह्यलो. लग्नाचा फोटोवाला शोध म्हणली. मी म्हणलं, बापूकाकांनी (वडलांचे थोरले भाऊ, पुढं नुसतं बा.का.) ठरवलाय ना, जालन्याचा, ड्रोनवाला?
"तो नको. काकांच्या पोरीच्या हळदीत त्यानं आईला दोनदा उठवलं. 'काकू, जरा बाजूला.' माझ्या हळदीत आई फोटोत पाहिजे. तेवढं कर, दुसरं काई मागत न्हाई."
वडील जाऊन नऊ वर्षं. तवापासून आईला हळदीच्या पाटाजवळ कुणी येऊ देत न्हाई.

६ मे
भोकरदनला तीन दुकानं पालथी घातली. चौथ्याकडं जाताना रसवंतीवर ट्रकवरचा जुना दोस्त भेटला, दुपार गेली.
सगळ्यांना एकच सवाल टाकला. हळदीचा अल्बम काढा, नवरीची आई कुठंय ते दाखवा. एकाच्या अल्बमात मामी, मावशी, शेजारीण, कुत्रंसुद्धा. आई न्हाई. म्हणे, "घरची मोठी माणसं यादी देतात, कोण घ्यायचं, कोण न्हाई. आमाला काय?" एका फोटोच्या कडंला बिनबांगडीचा हात दिसला, कोपरापर्यंत. मी बोट ठेवलं. म्हणे, "हां, तो कापायचा राहून गेला."
शिवी देऊन जिना उतरलो.

१० मे
टेंभुर्णी. बाजारात शेळ्या बघत बसलो, घ्यायची एक बी न्हाई. ऊन चढलं म्हणून एका स्टुडिओत पंख्याखाली घुसलो. काउंटरवर पोरगी, नसीम. दुकान अब्बाचं, चालवते ती. सवाल टाकला. तिनं अल्बमाचं एक पान उघडलं. पांढऱ्या कपाळाची बाई, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे, खदाखदा हसायलेली.
"नवरीची आई. दीर आडवा आल्ता," म्हणे. "मी बोलले, बॅटरी गेली, तुमी च्या पिऊन या. गेला. मंग जल्दी जल्दी काढले."
ठरलं. आता दुसरं बघणं बंद.

१३ मे
नसीम आमच्या गावी, धावड्याला आली, जागा बघायला. ताईला पाटावर बसवून एक फोटो काढायला गेली, तर आई सरकून दाराआड. कुणी सांगितलं बी न्हवतं. नऊ वर्षांची सवय.
मला वाटलं आता ही "काकू, इकडं या" म्हणंल. म्हणली न्हाई. ताईला म्हणली, "उठा. पाट दाराजवळ घ्या."
आईनं पदर तोंडाला लावला. "काय बाई ही पोरगी!"
फोटो बघितला. आई अर्धी दारात, पण आहे.

१४ मे
बा.का. आल्ते. बसले न्हाईत.
"फोटोवाला मी सांगितला. तू बदलणारा कोण? बारावी नापास. चार महिने ट्रकवर, चार महिने गुऱ्हाळावर. तुला काय कळतं?"
"आईनं कुठं बसायचं तेवढं कळतं."
"अपशकुन करायलास बहिणीला! अशी हळद लागणार असंल तर मी मांडवात येत न्हाई. कन्यादान कोण करतंय बघू."
"आई करंल."
निघून गेलं तोंडातून. माघारी घ्यायचं न्हाई. बिलकुल न्हाई.
बा.का. अंगणातूनच फोन लावत गेले, अंकुशनगरला, ताईच्या सासरी. आई जेवली न्हाई. "कशाला बोललास रे? लग्न मोडंल."
ताई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणली, "मोडू दे. हळद आईच लावणार, न्हाईतर लावायचीच न्हाई."

१८ मे, हळद
चार दिवस सासरहून ना हो, ना न्हाई. नवरदेव फोन उचलतो, "आईशी बोलतो" म्हणतो, बस.
पाट दाराजवळच मांडला. आईनं ट्रंकेतून पिवळं लुगडं काढलं, पण नेसली न्हाई. घडी मांडीवर घेऊन बसलीय. नसीमनं बॅटऱ्या दोन आणल्यात. बा.का. गल्लीच्या तोंडाला उभे. आत यायचं न्हाई, घरी जायचं बी न्हाई.
आता वाट उष्ट्या हळदीची. नवरदेवाला लावून उरलेली तिकडून आल्याबिगर इकडं हात लावता येत न्हाई. करवल्या पोरी घेऊन येतात. आज येतात का न्हाई, तेच

जीप थांबली. पोरी न्हाईत. एकटी बाई उतरली, हातात झाकलेली वाटी. ताईची सासू! उष्टी हळद घेऊन सासू कधी आलीय का? एवढ्या लांबून? बा.का. पुढं धावले, कायतरी सांगायलेत. तिनं बघितलं बी न्हाई. सरळ दारात आली, मलाच विचारलं,
"नवरीची आई कुठंय?"
भांडायला आली का कशाला, तोंडावरून कळंना. आई उठायली. नसीमनं कॅमेरा उचललाय.